पाहुणा कीं वैरी?

इंग्रजी भाषेचा एखादा मोठा कोश उघडून त्यांत ‘होस्ट’ हा शब्द काढून पाहावा. एकाच स्पेलिंगाचे तीन निरनिराळे शब्द तेथें एकाखालीं एक दिलेले आढळतात. पहिल्याचा अर्थ यजमान, म्हणजे घरीं आलेल्याचें आतिथ्य करणारा. दुसऱ्याचा अर्थ सैन्य. तिसऱ्याचा अर्थ ख्रिस्ती उपासनेंत प्रसाद म्हणून दिली जाणारी पवित्र भाकरी. जो पान वाढतो तो, जें गांव लुटतें तें, आणि जी देवापुढें ठेवितात ती, या तिघांस एकच नांव कसें मिळालें असावें? मी शाळेंत इंग्रजी व संस्कृत हे दोन्ही विषय शिकवीत असें. परंतु असा प्रश्न विचारण्यास मुलांना, आणि विचारला असता तर त्याचें उत्तर देण्यास मला, परीक्षेनें कधीं सवड दिली नाहीं. सेवानिवृत्तीनंतर ती सवड मिळाली. त्या त्या भाषा मला अवगत आहेत असें नव्हे. परंतु कोशांचें बोट धरून या एका शब्दाच्या मागोमाग मी युरोपांतील अनेक भाषांच्या अंगणांतून हिंडून आलों. तेथें जें पाहिलें त्याचा आपल्या घराशींहि फार निकटचा संबंध आहे असें वाटल्यावरून तें वाचकांस सादर करीत आहें.

या शब्दाचें कुळ समजून घेण्यापूर्वीं एक लहानसा नियम ध्यानांत ठेवावा लागेल. संस्कृत, ग्रीक, लॅटिन इत्यादि भाषा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, हा विचार सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढें १७८६ सालीं मांडला, हें बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. पुढील पंडितांनीं या भाषांतील ध्वनींचे परस्परसंबंध नियमांत बसवून दाखविले. त्यांपैकीं एक असा, कीं जेथें लॅटिनमध्यें किंवा संस्कृतांत शब्दाच्या आरंभीं ‘ह’ असतो, तेथें जर्मन, इंग्रजी या भाषांत पुष्कळदां ‘ग’ आढळतो. आपला ‘हंस’ घ्या. जर्मन भाषेंत तो ‘गान्स’ झाला, इंग्रजींत ‘गूस’ झाला. मानससरोवरांतल्या हंसाचें तिकडे परसांतलें पाळीव पांखरूं झालें, एवढाच काय तो फरक. लॅटिन ‘हॉर्तुस’ म्हणजे बाग. तिचें इंग्रजी नातलग ‘गार्डन’. हाच नियम लावला म्हणजे लॅटिन ‘होस्तिस’ आणि जर्मन ‘गास्ट’ हीं एकाच आईचीं लेंकरें ठरतात. इंग्रजी ‘गेस्ट’, रशियन ‘गोस्त’, पोलिश ‘गोश्च’ हीं त्यांचीं सख्खीं भावंडें.

येथपर्यंत सर्व सरळ आहे. अडचण पुढेंच आहे. जर्मन ‘गास्ट’, इंग्रजी ‘गेस्ट’, रशियन ‘गोस्त’ या सर्वांचा अर्थ पाहुणा. आणि लॅटिन ‘होस्तिस’चा अर्थ शत्रु! इंग्रजींतील ‘होस्टाइल’, म्हणजे वैरभावाचा, हा शब्द या लॅटिन शब्दापासूनच निघालेला आहे. एका आईच्या पोटीं जन्मलेल्या भावांपैकीं एक पाहुणा म्हणून पाटावर येऊन बसला, आणि दुसरा वैरी म्हणून वेशीबाहेर उभा राहिला.

रोमन लोकांच्या भाषेंत हा शब्द आरंभापासूनच वैऱ्याचा वाचक होता काय? नव्हता, आणि याला साक्षी खुद्द रोमन ग्रंथकारच आहेत. रोमचा सर्वांत जुना लिखित कायदा म्हणजे इ. स. पूर्वीं ४५० च्या सुमाराची ‘बारा पट्टिका’ ही संहिता. तींत ‘होस्तिस’शीं चालावयाच्या वादासाठीं नेमलेल्या दिवसाचा उल्लेख आहे. शत्रूशीं कोणी तारीख नेमून न्यायसभेंत भांडत नाहीं. तो निकाल रणांगणावर लागतो. अर्थात् तेथें ‘होस्तिस’ म्हणजे परराज्यांतील मनुष्य, एवढेंच अभिप्रेत आहे. सिसेरोनें इ. स. पूर्वीं ४४ मध्यें आपल्या मुलासाठीं कर्तव्याविषयीं जो ग्रंथ लिहिला त्यांत या कायद्याचाच आधार घेऊन तो म्हणतो, कीं पूर्वज परक्याला ज्या नांवानें संबोधीत तेंच सौम्य नांव शत्रूला देऊन त्यांनीं वस्तुस्थितीचें कडूपण कमी केलें. परंतु पुढें काळाच्या ओघांत त्या नांवालाच कठोरपणा आला. सिसेरोचा समकालीन वारो हाहि सांगतो, कीं पूर्वीं हा शब्द स्वतःच्या कायद्यानें चालणाऱ्या परदेशीयाला लावीत असत. याहून मोलाची गोष्ट फेस्टस नांवाच्या पुढील काळांतील कोशकारानें जतन करून ठेविली आहे. जुन्या लॅटिनमध्यें ‘होस्तीरे’ असें एक क्रियापद होतें, व त्याचा अर्थ बरोबरी करणें, फेड करणें. म्हणजे ज्याच्याशीं आपला देण्याघेण्याचा समान संबंध आहे, जो आज आपल्या दारीं आला तर उद्यां आपण ज्याच्या दारीं हक्कानें जाऊं शकतों, तो होस्तिस.

हा संबंध जुन्या काळीं किती बळकट असे याचें चित्र ग्रीकांच्या वाङ्मयांत दिसतें. ग्रीक भाषेंतील ‘क्सेनोस’ हा एकच शब्द परका, पाहुणा आणि यजमान या तिन्ही अर्थांनीं येतो. होमरच्या ‘इलियड’च्या सहाव्या सर्गांत डायोमिडीज आणि ग्लॉकस हे दोन विरुद्ध पक्षांचे वीर रणांगणावर समोरासमोर येतात. शस्त्र उचलण्यापूर्वीं परस्परांचें कुळ विचारतात, तों असें निघतें, कीं एकाच्या आजोबांनीं दुसऱ्याच्या आजोबांना वीस दिवस आपल्या घरीं पाहुणा म्हणून ठेवून घेतलें होतें. झालें! दोघेहि रथांतून खालीं उतरून हातांत हात देतात, आपापसांत न लढण्याचें ठरवितात, आणि अंगावरचीं चिलखतें बदलतात. ग्लॉकसनें सोन्याचें देऊन काशाचें घेतलें म्हणून होमर त्याला थोडें हंसतोहि. परंतु दोन पिढ्यांपूर्वीं वाढलेलें पान मध्यें आडवें आलें आणि भाला खालीं झाला, ही गोष्ट मला त्या सोन्याहून मोलाची वाटते.

रोमन लोकांत अशा संबंधाची खूण म्हणून एक लहानसा तुकडा ठेवीत. त्याचे दोन भाग करून एक यजमानानें व एक पाहुण्यानें घ्यावा. पुढें मुलांनीं नातवंडांनीं ते जुळवून पाहावे, आणि जुळले कीं दार उघडावें. प्लॉटस या विनोदी नाटककारानें हा प्रसंग रंगभूमीवर आणला आहे. त्याच्या नाटकांत कार्थेजचा एक वृद्ध परक्या शहरीं येतो आणि तेथल्या तरुणाजवळचा तुकडा आपल्या तुकड्याशीं जुळवून पाहतो. कार्थेज म्हणजे रोमचें हाडवैरी राज्य. हॅनिबलशीं झालेलें दुसरें युद्ध इ. स. पूर्वीं २०१ मध्यें संपलें होतें, आणि नाटक त्यानंतरच्या थोड्याच वर्षांतलें. ज्यांचीं मुलें त्या युद्धांत पडलीं होतीं अशा प्रेक्षकांपुढें वैऱ्याच्या देशांतील म्हातारा पाहुणा म्हणून उभा केला जातो, आणि त्याची खूण खरी ठरते.

मग असा हा शब्द नासला कसा? एमिल बेंव्हनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञानें १९६९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत याचा विचार केला आहे. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: जोंपर्यंत संबंध माणसामाणसांत व कुळाकुळांत होते, तोंपर्यंत परक्याशीं देवघेवीचें नातें जोडतां येत असे. पुढें नगरराज्य प्रबळ झालें, तेव्हां त्या व्यक्तिगत नात्याचें महत्त्व लोपलें. आंतला कोण आणि बाहेरचा कोण, एवढाच प्रश्न उरला. आणि बाहेरच्याला लावावयाचा शब्द हळूहळू वैऱ्याचा झाला. शब्द तोच राहिला, पण मधली देवघेव नाहींशी झाली.

हें केवळ रोमन लोकांचेंच झालें असें समजून आपण समाधान मानूं नये. आपला ‘अरि’ शब्द पाहा. अमरकोश पाठ केलेल्या कोणासहि विचारा, तो ‘शत्रु’ हाच अर्थ सांगेल. परंतु ऋग्वेदांत हा शब्द कांहीं ठिकाणीं वैऱ्याविषयीं, तर कांहीं ठिकाणीं स्पष्टपणें आदरणीय पुरुषाविषयीं आलेला आहे, आणि भाष्यकारांस त्यामुळें पुष्कळ कसरत करावी लागली आहे. पौल थीम या जर्मन संस्कृत पंडितानें १९३८ सालीं या एकाच शब्दावर सबंध पुस्तक लिहून असें प्रतिपादिलें, कीं ‘अरि’चा मूळ अर्थ ‘परका’. मग तो परका प्रसंगानें अतिथि ठरतो अथवा वैरी. या मताविषयीं पंडितांत वाद आहेत. तथापि ध्वनीनें ज्यांचा एकमेकांशीं कांहींहि संबंध नाहीं अशा दोन शब्दांना, एकाला गंगेकडे व एकाला टायबर नदीकडे, एकच वाट सांपडावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी नाहीं काय?

लॅटिनमध्यें पाहुण्याचा अर्थ पुढें ‘होस्पेस’ या दुसऱ्या शब्दानें सांभाळला. हा जोडशब्द आहे. त्याचा पूर्वभाग आपला ओळखीचा ‘होस्ति’, आणि उत्तरभाग म्हणजे आपल्या संस्कृतांतील ‘पति’. गृहपति, विश्पति यांसारखा हा ‘अतिथिपति’. रशियन भाषेंत ‘श्रीयुत’ या अर्थीं जो ‘गस्पदीन’ शब्द आहे, आणि ईश्वराला प्रभु म्हणावयाचें तर ते लोक ‘गस्पोद’ म्हणतात, त्या शब्दांची घडणहि अशीच असल्याचें बहुतेक विद्वान् मानतात. पोलिश भाषेंत ‘गस्पोदाश’ म्हणजे यजमान, घरधनी. ज्याच्या दारीं पाहुणे येतात तो धनी, हा विचार त्यांत आहे. याच ‘पति’चा दुसरा एक जोडशब्द जातां जातां सांगतों. ऋग्वेदांत ‘दंपति’ म्हणजे घराचा धनी. तोच शब्द ग्रीकमध्यें ‘देस्पोतेस’ झाला आणि इंग्रजींत ‘डेस्पॉट’, म्हणजे जुलमी सत्ताधीश, होऊन आला. घरोघरच्या कर्त्या पुरुषांनीं यावरून काय तो बोध घ्यावा.

‘होस्पेस’चें वैशिष्ट्य असें, कीं तो यजमान व पाहुणा या दोघांसहि लागतो, आणि त्याच्या मुलींनींहि हा आईचा गुण उचलला आहे. माझी नात महाविद्यालयांत फ्रेंच शिकते. एकदां ती पुस्तक घेऊन आली व म्हणाली, “आजोबा, यांत ‘ओत’ म्हणजे पाहुणा असेंहि दिलें आहे आणि यजमान असेंहि. मग वाक्यांत कोण कोणाच्या घरीं गेलें हें कसें कळायचें?” मीं म्हटलें, “बाळ, पुढचें वाक्य वाचल्यावर कळेल. आणि नाहींच कळलें, तरी आज जो गेला त्याच्याकडे उद्यां दुसरा जाणारच आहे.” इटालियन ‘ओस्पिते’ची तीच तऱ्हा. गंमत अशी, कीं चेक भाषेंत रोमन लिपीनें जसाच्या तसा इंग्रजी ‘होस्ट’सारखा लिहिला जाणारा एक शब्द आहे, तो लॅटिनमधून आलेला नसून जर्मन ‘गास्ट’चा स्लाव्ह भाऊ आहे, आणि त्याचा अर्थ पाहुणा! इंग्रज ज्याला यजमान म्हणून वाचील, त्याला प्रागचा मनुष्य पाहुणा म्हणून वाचील. रुमानियन भाषेंत ‘वास्पेते’ म्हणजे पाहुणा आणि ‘वास्ते’ म्हणजे सैन्य. इटालियन भाषेंत तर ‘ओस्ते’ या एकाच उच्चाराचे दोन शब्द झाले: एक खाणावळवाला, आणि जुन्या ग्रंथांतला दुसरा, शत्रूचें सैन्य.

आतां आरंभींच्या इंग्रजी ‘होस्ट’चा उलगडा होतो. यजमान हा ‘होस्पेस’पासून आला, सैन्य हें ‘होस्तिस’पासून, आणि पवित्र भाकरी ‘होस्तिया’ या तिसऱ्या लॅटिन शब्दापासून, ज्याचा अर्थ देवाला अर्पण करावयाचा बळी. या तिसऱ्याचा संबंधहि फेड करणें या अर्थाच्या ‘होस्तीरे’शीं जोडितात: देवाची फेड ती होस्तिया. आपल्याकडे तर पाहुण्याचा सत्कार करणाऱ्याला आपण सहजच ‘यजमान’ म्हणतों, आणि तो शब्द सरळ यज्ञांतून उठून ओसरीवर आलेला आहे, हें पुष्कळांच्या लक्षांतहि येत नाहीं. पंचमहायज्ञांत अतिथीला जेवूं घालणें हा एक यज्ञ सांगितला आहे, त्याला धरूनच हें झालें.

‘होस्पेस’चें पुढील गोत्र आपल्या रोजच्या बोलण्यांत आहे. त्याच्या विशेषणापासून ‘हॉस्पिटल’, ‘होस्टेल’ आणि ‘हॉटेल’ हे तिन्ही शब्द निघाले. फ्रान्समध्यें मोठ्या वाड्याला व नगरसभेच्या इमारतीलाहि ‘ओतेल’ म्हणतात, आणि पॅरिसमधील ‘ओतेल-द्यो’, म्हणजे देवाचें अतिथिगृह, हें रुग्णालय आहे. त्याची स्थापना परंपरेनें ६५१ सालची मानितात. मध्ययुगांत यात्रेकरूंस उतरावयास देणें आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करणें हीं कामें एकाच छपराखालीं चालत. पुढें उतरणारा पैसे देऊं लागला तें हॉटेल झालें, आणि आजारी राहिला तें हॉस्पिटल. जेरुसलेम येथें ख्रिस्ती यात्रेकरूंसाठीं चालविलेल्या अशाच एका संस्थेंतून एक साधुसंघ निर्माण झाला. त्याला १११३ सालीं पोपची मान्यता मिळाली. हा संघ थोड्याच काळांत शस्त्रधारी वीरांचा झाला व शतकानुशतकें लढत राहिला. आतिथ्याच्या नांवानें निघालेल्यांनीं सैन्य उभारलें. ‘होस्ट’चे दोन्ही अर्थ एकाच झग्याखालीं आले.

आपलें ‘इस्पितळ’ याच घराण्यांतलें. आणि आपल्या भूमीवर त्याची एक जुनी आठवणहि आहे. फ्रान्स्वा पिरार हा फ्रेंच खलाशी १६०२ सालीं मालदीव बेटांजवळ जहाज फुटल्यामुळें तेथें अडकून पडला. कित्येक वर्षांनीं सुटून मलबारच्या किनाऱ्यावर आला, तों पोर्तुगीजांनीं त्याला परदेशी म्हणून पकडलें आणि १६०८ सालीं आजारी अवस्थेंत गोव्यास पाठविलें. तेथें त्याला राजाच्या इस्पितळांत ठेवण्यांत आलें. त्या इस्पितळाची स्वच्छता, तेथील अन्न आणि शुश्रूषा यांचें त्यानें आपल्या प्रवासवृत्तांत अतिशय कौतुक केलें आहे. याहून चांगलें इस्पितळ जगांत नसेल असा त्याचा अभिप्राय. परंतु बरा होतांच त्याची रवानगी तुरुंगांत झाली, आणि जेझुइट पाद्र्यांनीं रदबदली केली तेव्हां सुटका झाली. एकच मनुष्य, एकच गांव, तेंच सरकार. खाटेवर होता तोंवर पाहुणा, पायांवर उभा राहिला तों वैरी. यापूर्वीं १५८३ सालीं राल्फ फिच व त्याचे सोबती हे इंग्रज व्यापारी हेर असल्याच्या संशयावरून गोव्यांत कैद झाले असतां, त्यांना जामिनावर सोडविण्याच्या कामीं त्यांचाच एक देशबांधव उपयोगी पडला. तो म्हणजे फादर स्टीफन्स. हाच पुढें मराठींत ओंवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ लिहून १६१६ सालीं छापविणारा कवि होय. परक्या देशांतून येऊन जो आपल्या भाषेच्या घरांत राहिला, त्यानें तुरुंगांतल्या परक्यांसाठीं शब्द टाकावा, हें उचितच झालें.

हा शब्द अजूनहि स्वस्थ बसलेला नाहीं. जुन्या रशियांत दूरदेशीं व्यापार करणाऱ्या सौदागरांना ‘गोस्त’ म्हणत. सेंट पीटर्सबर्ग येथील ‘गस्तीनी द्वोर’ हा बाजार, म्हणजे शब्दशः पाहुण्यांचा वाडा, अद्यापि तें नांव चालवीत आहे. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीस कामगार कमी पडूं लागले, तेव्हां तिनें १९५५ सालीं इटलीशीं, १९६१ सालीं तुर्कस्थानशीं व इतरहि देशांशीं करार करून लक्षावधि माणसें बोलाविलीं. त्यांना नांव पडलें ‘गास्टआर्बाइटर’, पाहुणे कामगार. पाहुणा म्हटल्यानें मान झाला खरा. परंतु त्यांतला गर्भितार्थ असा होता, कीं पाहुण्यानें काम आटोपतांच परत जावें. १९७३ सालीं ही भरती बंद झाली. पुष्कळ लोक परत गेले. पुष्कळ तेथेंच राहिले, त्यांचे संसार तेथेंच झाले, आणि तेथेंच जन्मलेल्या त्यांच्या मुलांना आपण पाहुणे कीं घरचे हा प्रश्न पडत राहिला. ज्याला पाहुणाहि म्हणतां आणि ज्याच्याकडून कामहि घेतां, त्याची फेड कोणत्या नात्यानें करावयाची, याचें उत्तर त्या शब्दांत नव्हतें.

युरोपची ही कथा वाचतां वाचतां मन आपोआप आपल्या घराकडे वळतें. आपला ‘पाहुणा’ हा संस्कृत ‘प्राघूर्ण’ शब्दाचा प्राकृतांतून आलेला वंशज. त्यांत फिरत येण्याचा भाव आहे. ‘अतिथि’ची व्युत्पत्ति आधुनिक पंडित भटकणें या अर्थाच्या ‘अत्’ धातूपासून लावितात. आपल्या परंपरेनें मात्र ज्याच्या येण्याला तिथि नाहीं तो अतिथि असें मानलें. रोमनांनीं परक्यासाठीं दिवस नेमून ठेविला, आणि आम्हीं दिवस न नेमतां येणारा तोच अतिथि असें म्हटलें. हा दोन प्रकृतींचा भेद म्हणावा लागेल. न सांगतां आलेल्याची हेळसांड होऊं नये म्हणून आमच्या उपनिषदानें यमालाहि सोडलें नाहीं. नचिकेता त्याच्या दारीं तीन रात्री उपाशी राहिला, त्या तीन रात्रींची फेड साक्षात् मृत्यूला तीन वर देऊन करावी लागली. हीच ती ‘होस्तीरे’.

परंतु तिथि नेमून येणारे पाहुणेहि आपल्या महाराष्ट्रानें पाहिले आहेत. माझे वडील कोंकणांतून शहरांत शिकावयास आले ते वार लावून जेवले. सोमवारीं एक घर, मंगळवारीं दुसरें, अशीं सात घरें. त्यांपैकीं कांहीं घरांत त्यांचें पान घरच्या मुलांच्या पंगतींत मांडीत. एका घरीं मात्र सर्वांचीं जेवणें आटोपल्यावर मागील दारीं. तेंच अन्न, तोच मुलगा. पण बुधवारीं तो पाहुणा असे आणि गुरुवारीं उपरा. वडील याविषयीं कटुतेनें कधीं बोलले नाहींत. त्या सात घरांचें देणें त्या सात घरांना परत करण्याचा योग कधीं आला नाहीं. त्यांनीं एवढेंच केलें, कीं स्वतःचा संसार मांडल्यावर गुरुवारचा वार एका विद्यार्थ्याला लावून दिला, आणि त्याचें पान आपल्या शेजारीं मांडविलें. माझ्या लहानपणीं असे तीन विद्यार्थी एकामागून एक आमच्याकडे जेवून गेले. फेड ही नेहमीं ज्याचें घेतलें त्यालाच करावयाची असते असें नाहीं, हें मला फेस्टसच्या कोशापूर्वीं आमच्या स्वयंपाकघरानें शिकविलें होतें. त्या गुरुवारच्या पोळ्या मात्र आई करीत असे. आणि तो वार लावतांना तिला कोणी विचारलें होतें असें मला स्मरत नाहीं.

हें आठवण्याचें कारण हल्लींचें आहे. आमच्या घरांत सध्यां तीन पिढ्यांचीं अकरा माणसें आहेत. माझ्या धाकट्या मुलाच्या कचेरींतील एका ओडिया सहकाऱ्याचा भाचा आमच्या गांवीं शिकावयास यावयाचा आहे, आणि होस्टेलांत (हाहि आपल्या कथेंतलाच शब्द!) जागा मिळण्यास तीन महिने लागतील. तोंपर्यंत त्याला आपल्याकडे ठेवावें काय, असा विषय रात्रीच्या जेवणानंतर निघाला. मुलगा अनुकूल होता, मीहि होतों. थोरली सून म्हणाली, “मामंजी, मुलगा कसा आहे, कोण आहे, आपल्याला कांहींच माहीत नाहीं, घरांत वयांत आलेली मुलगी आहे.” धाकटी म्हणाली, “अतिथि हा देव खरा; पण त्या देवाचा नैवेद्य रोज सकाळीं कोणी करावयाचा तेंहि आजच ठरूं दे.”

दोघींचेंहि म्हणणें मला रास्त वाटलें. परक्याविषयीं भय वाटणें हा क्षुद्रपणा नव्हे. तें भय जुन्या लोकांनाहि वाटत होतें, म्हणून तर त्यांनीं खुणेचे तुकडे केले, कुळें विचारलीं, दिवस नेमले. भय नाकारून आतिथ्य होत नाहीं. भयाची व्यवस्था करून होतें. आणि आतिथ्याचें पुण्य ओसरीवर बसलेल्यानें घ्यावें व कष्ट चुलीपाशीं असलेलीनें करावे, ही देवघेव बरोबरीची नव्हे. घरांतल्या घरांत जेथें ‘होस्तीरे’ नाहीं तेथें बाहेरच्याशीं ती कशी साधणार? या शब्दाच्या प्रवासानें मला जर कांहीं शिकविलें असेल तर तें हें, कीं दारांत उभा असलेला मनुष्य त्या क्षणीं पाहुणाहि नसतो आणि वैरीहि नसतो. शब्द एकच असतो. त्याचा अर्थ दार उघडणारीं माणसें मिळून ठरवितात, आणि एकदां ठरविलेला अर्थ भाषा पुढें दोन हजार वर्षें विसरत नाहीं.

आमच्या घरीं असें ठरलें: मुलानें प्रथम मामासह येऊन चार दिवस राहून जावें, म्हणजे दोन्हीं बाजूंनीं पाहणें होईल, तीन महिन्यांची मुदत आधींच बोलून ठेवावी, आणि आठवड्यांतून तीन दिवस रात्रीचा स्वयंपाक दोन्ही मुलांनीं करावा. त्या मुलाचें पान सर्वांच्या पंगतींत राहील. येण्याचा दिवस पत्रानें कळला आहे, तेव्हां आपल्या जुन्या व्युत्पत्तीप्रमाणें तो अतिथि ठरत नाहीं. बारा पट्टिकांच्या काळचा ‘होस्तिस’ मात्र ठरेल. त्याला दोन्ही वेळां भात लागतो असें त्याच्या मामाकडून समजल्यावरून थोरल्या सुनेनें या महिन्याच्या वाणसामानांत पांच किलो तांदूळ अधिक मागविला आहे.